मला काय धाड भरलीय?

मागचा पावसाळा संपत आला तेव्हा आमच्या गटाने इचलकरंजीतल्या एका मोहल्ल्यात आरोग्य तपासणी शिबिर घ्यायचं ठरवलं. त्याआधी घरोघर जाऊन एक फॉर्म भरायचा होता. नाव, वय, कामधंदा आणि चौथा प्रश्न, ‘तुमची तब्येत कशी आहे?’ त्यापुढे चार चौकोन : खूप चांगली, चांगली, बरी, वाईट. फॉर्म मीच तयार केला होता. सगळं एका पानात बसवलं म्हणून मला त्याचं कौतुकही होतं.

साठीच्या पुढच्या पुरुषांनी त्या चौथ्या प्रश्नाला दिलेली उत्तरं जवळजवळ एकसारखी होती. अल्हम्दुलिल्लाह, चांगली आहे. अल्लाचा करम आहे. मेरेकू क्या हुआ? एक चाचा तर उखडलेच. म्हणाले, ‘मला काय धाड भरलीय? पोरींचं बघा जरा, रक्त नाही अंगात.’ एवढं बोलताना त्यांना मध्येच थांबून दम घ्यावा लागला. मी ‘चांगली’वर खूण केली आणि पुढच्या घरी गेलो.

आमच्या घरचा फॉर्मही मीच भरला. अब्बा तेव्हा बाहेर गेले होते, पण त्यांना विचारायची गरजच वाटली नाही. वय ६६. काम : निवृत्त जॉबर. शुगर आहे, गोळी चालू. तब्येत : चांगली.

जानेवारीत अब्बांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

झालं असं, की थंडी पडू लागली तसे अब्बा चामड्याचे मोजे घालायला लागले. वजू करताना पाय न धुता मोज्यांवर मसह करायचे. थंडीत बरेच बुजुर्ग असं करतात, तशी सवलतच आहे. आम्हाला वाटलं, वय झालंय, गार पाणी सोसत नसेल. दिवसातून एकदा मोजे काढून पाय धुवावेच लागतात, तेव्हा ते न्हाणीघराचं दार लावून घ्यायचे. अम्मीला चादरीवर डाग दिसला होता. तिला त्यांनी बजावलं, ‘पोराला बोलू नको, दोन दिवसांत सुकेल.’ हळद लावून झाली, मेडिकलमधून कसलीशी पावडर आणून झाली. मधल्या काळात आमचं शिबिर पार पडलं. अब्बा सकाळी आठपासून तिथे हजर होते. खुर्च्या मांडल्या, रांग लावली, बायकांसाठी पडदा बांधून घेतला. साखर तपासायच्या टेबलापासून चार हातांवर ते दिवसभर उभे होते. स्वतःचं बोट मात्र पुढे केलं नाही, आणि मीही त्यांना कर म्हटलं नाही.

दवाखान्यात मी चिडून विचारलं, ‘तुम्ही सांगितलं का नाही?’ तर म्हणाले, ‘दुखतच नव्हतं रे. दुखलं असतं तर बोललो नसतो का?’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते खरं होतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात. चप्पल घासली, खडा टोचला, फोड आला, काही कळत नाही. जखम चिघळते, पण दुखत नाही. छातीत कळ न येताच हृदयविकाराचा झटका येऊन जातो, असंही मधुमेहाच्या रुग्णांत होतं. म्हणजे अब्बा खोटं बोलत नव्हते. त्यांनी आपल्या पायाला विचारलं आणि पायाने सांगितलं, सगळं ठीक आहे. आणि डोळ्यांना जे दिसत होतं त्यापेक्षा त्यांनी पायाच्या सांगण्यावर भरवसा ठेवला. गोळीच्या बाबतीतही त्यांचं असंच होतं. ‘शुगर वाढली की मला बरोबर कळतं,’ असं ते म्हणायचे. ज्या दिवशी वाढली असं वाटेल त्या दिवशी गोळी, एरवी नाही. तुमच्याही घरात हे वाक्य कोणी ना कोणी म्हणत असेल. साखर बरीच वाढली तरी माणसाला काही जाणवेलच असं नाही, आणि रक्तदाबाचं तर बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. ते मोजावंच लागतं.

या संपादकीयात मला अब्बांची गोष्ट सांगायची नव्हती. पण आपल्याकडचे वयस्कर पुरुष स्वतःची तब्येत नेमकी कशावरून ठरवतात, हा प्रश्न मला त्या दोन बोटांनंतरच पडला. त्याआधी मी त्याला ‘हट्टीपणा’ म्हणून मोकळा होत होतो.

अब्बांनी अडतीस वर्षं मागांवर काढली. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. शेडमध्ये मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. तिथे माणसं ओठांवरून आणि हातांच्या खुणांनी बोलतात. शेडच्या दुसऱ्या टोकाचा माग बिघडला तर अब्बांना त्याच्या बदललेल्या ठोक्यावरून कळायचं, पण घरात अम्मीची हाक त्यांना पन्नाशीतच ऐकू येईनाशी झाली होती. आमच्या घरातला टीव्ही गल्लीला ऐकू जातो. याला घरात कोणीही कधी आजार म्हटलं नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. जे सगळ्यांनाच आहे, त्याची तक्रार कोण करणार?

अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा लेख लिहिला होता, तो याच गोष्टीवर. भारतात सर्वांत जास्त आयुर्मान केरळचं, आणि ‘आम्ही आजारी आहोत’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाणही केरळातच सर्वांत जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी, आणि आजार सांगणारेही कमी. अमेरिकेत तर केरळपेक्षाही जास्त लोक आजार सांगतात. नुसतं लोकांच्या सांगण्यावर गेलात तर बिहार सर्वांत निरोगी ठरेल. सेन यांचं म्हणणं असं, की ज्याने शाळा पाहिली, दवाखाना पाहिला, निरोगी म्हातारपण कसं असतं ते पाहिलं, त्याला आपल्यात काय कमी आहे ते कळतं. ज्याच्या आजूबाजूला सगळेच खोकत असतात, त्याला खोकला म्हणजे हवामान वाटतं. मी हा लेख कॉलेजात वाचला होता. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. तरीही चार चौकोनांचा तो फॉर्म मीच केला.

नुसतं विचारणं आणि मोजणं यात किती अंतर पडतं, ते आपल्याच देशातल्या एका मोठ्या पाहणीत दिसतं. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात लोकांना तब्येत विचारली, आणि त्याबरोबर रक्तदाब मोजला, हाताच्या पकडीची ताकद मोजली, नजर तपासली. रक्तदाबाचे आकडे पाहिले तर साधारण ४६ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता, आणि त्यांतल्या जेमतेम ५६ टक्क्यांना तो असल्याचं आधी कळलेलं होतं. बाकीच्यांना मोहल्ल्यात जाऊन विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, ते आता मला पाठ आहे.

तरी ‘तब्येत कशी आहे’ हा प्रश्न अगदीच कुचकामी नाही, हेही सांगायला हवं. १९९७ मध्ये दोन संशोधकांनी जगभरातल्या २७ अभ्यासांचा आढावा घेतला होता. स्वतःची तब्येत वाईट आहे असं सांगणारी माणसं पुढच्या काही वर्षांत दगावण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि डॉक्टरी तपासण्यांचे निष्कर्ष हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरत होता. माणसाला स्वतःबद्दल असं काहीतरी कळत असतं, जे कागदावर येत नाही. म्हणून एखादे आजोबा ‘काही खरं नाही आता’ म्हणाले, तर त्यांना ‘असं बोलू नका’ म्हणून गप्प करू नका. अडचण येते ती ‘चांगली आहे’ म्हणणाऱ्यांच्या बाबतीत, कारण त्या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

आपल्या समाजात त्या शब्दाची स्वतःची मापं आहेत. पहिलं काम. दुसरं मशीद. तिसरं रोजा.

मशिदीत सफच्या कडेला प्लास्टिकच्या चार खुर्च्या ठेवलेल्या असतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. ज्याला सजद्यात जाता येत नाही किंवा गेलं तर उठता येत नाही, तो खुर्चीवर नमाज पढतो. त्यात कमीपणाचं काही नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या दिवशी माणूस सफ सोडून त्या खुर्चीवर बसतो, त्या दिवशी अख्ख्या मोहल्ल्याला कळतं की याचे गुडघे गेले. म्हणून कितीतरी जण ती खुर्ची टाळतात. दात-ओठ खाऊन, शेजाऱ्याच्या खांद्याला धरून उठतात. नाही जमलं तर घरीच नमाज पढू लागतात आणि ‘घरी दिल जास्त लागतो’ असं सांगतात. आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग जमातला येईनासे झाले. गुडघ्याचं कारण सांगायचे. खरं कारण त्यांनी फार उशिरा मुलाला नाही, जावयाला सांगितलं. लघवी थेंब-थेंब व्हायची, कपडे पाक राहतील याची खात्री नसायची, वजू टिकेल की नाही या शंकेने ते झुरत होते. रात्री चार-चारदा उठायचे. ही प्रोस्टेटची तक्रार, उतारवयातल्या पुरुषांत अगदी सर्रास आढळणारी, आणि बहुतेकांना औषधाने आराम पडतो. पण त्यांनी स्वतःच निदान करून टाकलं होतं, ‘उमर का तकाजा है.’ मोतीबिंदू, बहिरेपण, दम लागणं, पायाला मुंग्या येणं, हे सगळं आपल्याकडे या एका निदानात बसतं. छातीत दुखलं तर तेवढं वेगळं, ते ‘गॅस’मध्ये जातं.

रोज्याचं माप तर त्याहून अवघड, कारण त्यात इबादत आहे आणि कोणी बोलायला धजत नाही. अब्बा दर रमजानला तीसच्या तीस रोजे धरायचे आणि ईदला अभिमानाने विचारायचे, ‘शुगरवाला माणूस तीस रोजे धरेल का?’ आम्हालाही ते पटायचं. भारतासह १३ मुस्लिमबहुल आणि मुस्लिम वस्तीच्या देशांत २००१ मध्ये एक अभ्यास झाला होता. त्यात मधुमेह असलेल्या १२ हजारांवर लोकांची माहिती घेतली गेली. मोठेपणी होणारा, म्हणजे टाइप-२ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान १५ रोजे धरले होते. आणि त्यांच्यात दवाखान्यात भरती व्हावं लागण्याइतकी साखर खाली जाण्याचे प्रसंग त्या महिन्यात इतर महिन्यांच्या साडेसात पट झाले. तरी मधुमेह असणाऱ्याने रोजा धरूच नये, असं मी म्हणत नाही. कोणी धरावा, कोणी नाही, गोळीची वेळ आणि मात्रा कशी बदलावी, हे शाबान महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. आजारी माणसाला सूरह बकरामध्ये स्पष्ट सूट आहे. पण सूट घ्यायची तर आधी स्वतःला आजारी म्हणावं लागतं. अब्बांची गाडी तिथेच अडायची.

आणि काम. मागावर मजुरी कापडाच्या मापावर मिळते. न विणलेल्या मीटरचे पैसे नाहीत, आजारपणाची पगारी रजा हा शब्द त्या शेडमध्ये कोणी ऐकलेला नाही. अशा ठिकाणी आयुष्य गेलं की ‘कामाला जाता येतं’ हीच तब्येतीची व्याख्या होऊन बसते. ताप असला तरी पाळीला गेलो, म्हणजे ताप नव्हता. मग एक दिवस काम सुटतं आणि माप हरवतं. अब्बा निवृत्त झाल्यावर पिशवी घेऊन दिवसातून तीनदा बाजारात जायचे. एकदा दूध, एकदा भाजी, एकदा उगाच. अम्मी वैतागायची. त्या फेऱ्या म्हणजे त्यांची हजेरी होती, हे मला आता कळतं.

‘पुरुष असेच, ते बोलत नाहीत’ असं म्हणून हे सोडून द्यावंसं वाटतं. पण ते पूर्ण खरं नाही. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात झालेल्या एका पाहणीचा दाखला सेन यांनीच दिला आहे. बायको गमावलेल्या पुरुषांपैकी ४८.५ टक्के पुरुषांनी आपण आजारी आहोत किंवा तब्येत ठीक नाही असं सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण होतं अवघं २.५ टक्के. त्या बायका निरोगी होत्या असं कोणी समजणार नाही. तक्रार करण्याइतकं आपलं स्थान आहे, आपण बोललो तर कोणी दखल घेईल, असं त्यांना वाटतच नव्हतं. म्हणजे पुरुष बोलतात. ऐकणारं कोणी आहे असं वाटेल तेव्हा बोलतात. कमावत्या काळात अब्बांचं डोकं दुखलं तरी घर चिडीचूप व्हायचं. निवृत्तीनंतर तेच अब्बा त्या विधवांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. माझ्या मते त्यांच्या गप्प बसण्याचं मुख्य कारण हे आहे. मर्दानगी वगैरे नंतर.

पैशाचा हिशेब याच्यात मिसळलेला असतोच. बहिणीचं लग्न व्हायचं होतं. ‘दवाखान्यात गेलो की ते काही ना काही काढणारच’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यात डॉक्टरांवरचा अविश्वास कमी आणि खर्चाची भीती जास्त असते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. घरात सत्तरीचं कोणी असेल तर हे कार्ड काढून घ्या, तरुणांनी निदान एवढं तरी करावं. पण ही सोय दवाखान्यात भरती झाल्यावरची. बोट कापायची वेळ आल्यावर योजना येते. ते बोट वाचवायला लागणारी महिन्याची तपासणी आणि मलमपट्टी बहुतेक घरं आपल्या खिशातून करतात किंवा करत नाहीत. सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात, पण सकाळच्या रांगेत दोन तास उभं राहायला ‘मी आजारी आहे’ हे आधी मान्य असावं लागतं. पुन्हा तेच.

मार्चमध्ये आम्ही फॉर्म बदलला. चौथा प्रश्न काढला नाही, पण त्याच्याखाली आणखी काही प्रश्न टाकले. रात्री लघवीला किती वेळा उठता? घरापासून मशिदीपर्यंत मध्ये थांबावं लागतं का? जमिनीवर बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का? पाऊल जमिनीवर टेकलं की गार-गरम कळतं का? शेवटची शुगर कधी तपासली आणि आकडा किती आला? एक प्रश्न आमच्या गटातल्या मुलीने सुचवला, तो मला सुचला नसता : ‘गेल्या वर्षात असं कोणतं काम आहे, जे तुम्ही करायचं सोडून दिलं?’ या प्रश्नाला पुरुष बोलतात. शिडीवर चढणं सोडलं. सायकल सोडली. नातवाला उचलून घेणं सोडलं. तब्येत मात्र सगळ्यांची चांगलीच आहे.

शिबिराची जागाही बदलली. शाळेच्या हॉलमध्ये बायका येतात, पुरुष त्यांना सोडायला येतात आणि दाराबाहेर थांबतात. आता असरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर, जिथे हे लोक तसेही मगरिबपर्यंत बसलेले असतात, तिथेच बीपीचं मशीन नेतो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून घेतलं. मग एकाने थट्टेत हात पुढे केला, त्याचा आकडा मोठा निघाला, आणि मग ‘माझा तुझ्यापेक्षा कमी येणार’ अशी पैज लागली. आम्ही ती लागू दिली.

अब्बा आता तिथे वही घेऊन बसतात. नावं, आकडे, तारखा त्यांच्या अक्षरात आहेत. पायात मऊ तळाचा खास बूट असतो, आणि रोज रात्री अम्मी बॅटरी लावून दोन्ही तळवे बघते, त्यावर ते कुरकुर करतात. मागच्या आठवड्यात त्यांचा स्वतःचा फॉर्म भरायचा राहिला होता. मी समोर बसलो. नाव, वय, काम. चौथा प्रश्न वाचला.

‘अच्छी है,’ म्हणाले. मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, ‘आगे का पूछ.’